पेटंटच्या दाव्यात जुन्या कागदाची किंमत

पेटंट हा शब्द आता मोठ्या कारखानदारांपुरता राहिलेला नाही. मिठाईवाला, शिवणकाम करणारा, ठशांनी कापड छापणारा, भांडी घडविणारा, शेतीची औषधे विकणारा, यांपैकी कुणाच्याही दुकानात एखाद्या दिवशी वकिलाची नोटीस येऊन पडू शकते. तीत लिहिलेले असते की, तुम्ही ज्या पद्धतीने माल बनविता तिचे पेटंट आमच्या अशिलाकडे आहे, सबब काम बंद करा आणि नुकसानभरपाई द्या. अशा वेळी आपली माणसे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून काम बंद करतात. काही जण म्हणतात, "हे तर आमचे वाडवडील करीत होते, त्यात पेटंट कसले?" आणि नोटीस बाजूला टाकतात. दोन्ही गोष्टींत नुकसान आहे.

वाडवडिलांचे म्हणणे खरे असले तरी तेवढ्याने पेटंट पडत नाही. ते पडते पुराव्याने, आणि पुरावा म्हणजे तारीख, कागद आणि साक्षीदार. हे कसे घडते ते समजावे म्हणून आम्ही येथे एका खऱ्या दाव्याची हकीकत देत आहोत. दावा युरोपात चालला, परंतु त्यातील महत्त्वाचा पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यातून आणि सांगलीतून गेला होता. वस्तू होती कडुलिंबाच्या निंबोळीचे तेल.

पेटंट म्हणजे नेमके काय

पेटंट म्हणजे सरकारने ठराविक मुदतीसाठी दिलेली मक्तेदारी. मराठीत त्याला एकस्व म्हणतात. एखाद्याने नवी वस्तू किंवा वस्तू बनविण्याची नवी रीत शोधून काढली आणि ती लपवून न ठेवता सरकारदरबारी लिहून दिली, तर त्याबदल्यात सरकार त्याला वीस वर्षे इतरांना मनाई करण्याचा हक्क देते. मुदत संपली की ती रीत सर्वांची होते. हा सौदा न्याय्य आहे. ज्याने खरोखर डोके आणि पैसा खर्च करून नवे काही दिले, त्याचा हक्क मान्य करणे हे इमानदार व्यापाऱ्याचे काम आहे.

या सौद्याची पहिली अट अशी की, दिलेली गोष्ट नवी असली पाहिजे. अर्जाच्या तारखेपूर्वी जगासमोर आलेली माहिती, मग ती छापील असो वा वापरातून कळलेली, तिला कायद्यात पूर्वज्ञान समजतात. पूर्वज्ञानात जे आहे त्यावर कुणाला मक्ता मिळत नाही. दुसरी अट अशी की, गोष्ट किंचित वेगळी असली तरी पुरत नाही. त्या धंद्यातील जाणत्या कारागिराला सहज सुचली नसती इतकी ती पुढची हवी. तिसरी अट उपयोगाची. संगणकावर विजेच्या सर्किटची चाचणी घेण्याची पद्धत असो की चिक्कीचा पाक ओतण्याचे यंत्र असो, पेटंटचे बहुतेक भांडण पहिल्या दोन अटींवर येऊन थांबते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटंटच्या कागदात पाने पुष्कळ असली तरी हक्क किती आहे हे शेवटच्या भागातील दाव्यांवरून ठरते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात तसेच हे असते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, त्याच्या आत मालकी, बाहेर नाही. पेटंटचा दावाही असाच कलमाकलमाने लिहिलेला असतो. नवेपणा नाही असे सिद्ध करायचे तर त्यातील प्रत्येक कलम पूर्वी एकाच ठिकाणी होऊन गेले होते असे दाखवावे लागते. "कडुलिंब तर आम्ही पूर्वीपासून वापरतो" हे बोलणे येथे अपुरे पडते ते याच कारणाने.

कडुलिंबावरचा दावा

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी यांनी मिळून १९९० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयात अर्ज केला. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ०४३६२५७. पेटंट होते निंबोळीच्या तेलाने पिकावरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचे.

पद्धत थोडक्यात अशी. वाळलेल्या निंबोळ्यांचे बी दळायचे. पाण्यात न मिसळणाऱ्या हेक्झेनसारख्या द्रावकात त्यातील तेल उतरवायचे आणि मग द्रावक उडवून टाकायचा. अशा तेलात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतील कीटकांना मारक असलेले द्रव्य, जवळजवळ राहत नाही. हे तेल ०.१ ते १० टक्के, तेल-पाणी एकजीव करणारे साबणासारखे द्रव्य ०.००५ ते ५ टक्के आणि बाकी पाणी, असे मिश्रण पिकावर फवारायचे. या चतुःसीमेच्या आत युरोपात दुसऱ्या कुणी माल आणू नये, असा हक्क मागितला आणि दिला गेला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपातील पेटंटामुळे भारतातील शेतकऱ्याला कडुलिंब वापरण्याची बंदी झाली नव्हती. पेटंट ज्या देशात मिळते त्या देशापुरते चालते. पण भारतातून असे तेल किंवा औषध युरोपात विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याची वाट मात्र त्याने अडली असती. आपल्याच मालाची निर्यात करण्यासाठी परक्याची परवानगी मागण्याची पाळी आली असती. आमच्या लोणावळ्याच्या पावसाळी हवेत कडुलिंब फारसा दिसत नाही, पण मावळात गुलाबाची हरितगृहे उभी आहेत, तेथे भुरीसारख्या बुरशीच्या रोगाशी रोजची झुंज असते. बुरशीवरचे औषध हा केवढा मोठा बाजार आहे हे मावळच्या फूल उत्पादकांना वेगळे सांगायला नको.

तिघांनी घेतलेली हरकत

युरोपीय कायद्यात पेटंट मिळाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कुणालाही हरकत घेता येते. जून १९९५ मध्ये, म्हणजे मुदत संपता संपता, तीन पक्षांनी मिळून हरकत दाखल केली. युरोपीय संसदेतील ग्रीन गटाच्या बेल्जियन सदस्य माग्दा आलव्हूत, भारतातील डॉ. वंदना शिवा आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना, जिच्या वतीने लिंडा बुलार्ड काम पाहत होत्या. वकिली स्वित्झर्लंडचे प्राध्यापक फ्रिट्झ डॉल्डर यांनी केली.

सर्वांचे म्हणणे असे की, भारतात कडुलिंब पिढ्यान् पिढ्या औषध म्हणून, धान्यात घालण्यासाठी आणि पिकावर वापरला जातो, मग यात नवे काय? बाजू खरी होती. पण पेटंटवाल्यांना उत्तर देणे सोपे होते. तुमचा शेतकरी पाला घालतो, घाणीचे तेल वापरतो. आमची रीत हेक्झेनने उतरवलेल्या तेलाची, इतक्या टक्क्यांची आणि बुरशीवरची आहे. ही रीत अर्जापूर्वी कुणी, कुठे, कधी वापरली ते दाखवा.

येथे सामान्य परंपरेचे बोलणे थांबते आणि तारखेचा हिशेब सुरू होतो.

पुणे आणि सांगलीचे दोन उन्हाळे

या ठिकाणी अभय फडके यांची साक्ष उपयोगी पडली. शेतीच्या औषधांच्या धंद्यातील हे महाराष्ट्रीय उद्योजक म्युनिक येथे तोंडी साक्षीसाठी उभे राहिले. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या शेतांवर निंबोळीच्या अशा अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, हा त्या साक्षीचा गाभा. अर्ज १९९० चा, चाचण्या त्याच्या चार-पाच वर्षे आधीच्या.

९ आणि १० मे २००० रोजी सुनावणी झाली आणि १० मे रोजी विरोध विभागाने पेटंट रद्द केले. विभागाच्या निष्कर्षाचा सारांश असा की, पेटंटमधील दाव्याची सारी वैशिष्ट्ये महाराष्ट्रातील पुणे आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील १९८५ व १९८६ च्या उन्हाळी चाचण्यांतून अर्जापूर्वीच लोकांसमोर आलेली होती.

यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की, युरोपीय कायद्यात पूर्वज्ञान जगात कुठलेही चालते आणि ते छापील असलेच पाहिजे असे नाही. लेखी, तोंडी, वापरातून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांना खुले झालेले सर्व त्यात येते. सांगलीच्या शेतावरची फवारणी म्युनिकमध्ये ग्राह्य धरली गेली ती यामुळे.

दुसरा बारकावा 'लोकांना खुले' या शब्दांचा. गुप्त ठेवण्याचे बंधन नसलेल्या एका माणसाच्या हाती जरी वस्तू गेली, तरी ती कायद्याच्या दृष्टीने खुली झाली. शेतकऱ्याच्या बांधावर चाललेली फवारणी शेजारी पाहतो, मजूर पाहतात, कुणाला तोंड बंद ठेवण्याची शपथ घातलेली नसते. उलट, तीच चाचणी कुणी बंद खोलीत करून वही कपाटात कुलपात ठेवली असती, तर ती कितीही जुनी असली तरी पूर्वज्ञान म्हणून उभी राहणे कठीण होते. आमच्यातील जे कारागीर आपला हुन्नर फक्त मुलालाच सांगतात त्यांनी हे नीट वाचावे. लपविलेला हुन्नर धंद्यात फायदा देतो, परंतु दुसऱ्याचे पेटंट पाडण्याच्या कामी तो येत नाही.

अपील आणि त्याचा निकाल

पेटंटवाले स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी अपील केले. युरोपीय पेटंट कार्यालयात अपिलासाठी वेगळी मंडळे असतात. अपील पाच वर्षे चालले. अखेर ८ मार्च २००५ रोजी म्युनिक येथे अपील मंडळाने ते फेटाळले आणि पेटंट रद्द झाल्याचा निकाल कायम झाला. हरकत दाखल झाल्यापासून जवळजवळ दहा वर्षे लागली.

दहा वर्षांचा खर्च, भाषांतरे, वकील, साक्षीदारांचा प्रवास, हे सर्व करणारी माणसे या प्रकरणात उभी राहिली म्हणून निकाल लागला. लहान व्यापाऱ्याला हे झेपणारे नाही. म्हणून पुरावा आधीपासून घरात तयार असणे आणि हरकत लवकरात लवकर घेणे, यातच लहान माणसाचा बचाव आहे.

हळदीचा दाखला आणि उर्दू कागद

देश बदलला की पुराव्याचा नियमही बदलतो हे हळदीच्या प्रकरणावरून कळते. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, यावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळाले. जखमेवर हळद दाबणे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. पण त्या काळच्या अमेरिकन कायद्यात एक मेख होती. अमेरिकेबाहेरचा नुसता वापर किंवा तोंडी माहिती त्या कायद्याला चालत नसे. परदेशातील पूर्वज्ञान दाखवायचे तर छापील प्रकाशन किंवा पेटंटच हवे. अमेरिकेने हा भेद २०१३ मध्ये अंमलात आलेल्या सुधारणेने काढून टाकला.

तेव्हा हळदीच्या प्रकरणात कोट्यवधी आयाबायांची साक्ष निरुपयोगी होती. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेलचे हे मराठी शास्त्रज्ञ १९९५ पर्यंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने ३२ छापील दाखले गोळा केले. त्यांत शंभर वर्षांहून जुने ग्रंथ होते, संस्कृत, हिंदी आणि उर्दू भाषेतले. १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्या पिढीने घरातील जुनी उर्दू पुस्तके, हकिमांच्या नुस्ख्यांच्या वह्या माळ्यावर पडलेल्या पाहिल्या आहेत. पुढची पिढी ती लिपी वाचत नाही म्हणून ती रद्दीत जातात. अशाच एखाद्या छापील पानाने परक्या देशातील मक्ता मोडता येतो हे या प्रकरणाने दाखविले. पुढे २००१ पासून भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे केले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी शास्त्रांतील नुस्खे संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतून घेऊन इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडले आहेत. युरोपीय आणि अमेरिकन पेटंट कार्यालयांना ते २००९ पासून पाहता येते. म्हणजे आता परीक्षकालाच अर्ज तपासताना जुना दाखला समोर दिसू शकतो.

मिर्झापूरची भांडी

आपल्या देशातील दाखला हवा असेल तर तो कारागिरांच्याच धंद्यातला आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनविणाऱ्या दोन पेढ्यांत हा झगडा झाला. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने भांडी चरकावर, म्हणजे लेथवर, धरून ती तासण्या-चकाकविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. जुन्या रीतीत भांडे फिरताना सुटून उडे आणि कामगाराला इजा होण्याचा धोका असे. तो टळावा हा उद्देश होता. पेटंट डिसेंबर १९५१ पासूनचे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीवर तीच रीत वापरल्याबद्दल दावा झाला. त्या पेढीने उलट मागणी केली की, यात नवे काही नाही, सबब पेटंटच रद्द करावे.

प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे एका बाजूने, अपिलात दुसऱ्या बाजूने लागले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट टिकत नाही असा निकाल दिला. लेथ आणि त्याचे भाग आधीपासून सर्वांना माहीत होते, त्यात केलेला फरक किरकोळ होता. माहीत असलेल्या हत्यारात कुशल कारागीर रोजच्या कामात सहज करील अशी कारखान्यातील सुधारणा हा शोध नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले आणि भारतातील न्यायालये आजही त्याचा दाखला देतात.

कारागिरांनी हे तत्त्व दोन्ही बाजूंनी समजून घ्यावे. कुणी तुमच्या हत्यारात जरासा बदल करून मक्ता सांगू लागला तर हा निकाल तुमची ढाल आहे. पण तुम्ही स्वतः थोडा बदल करून पेटंटसाठी पैसे खर्च करणार असाल, तर हाच निकाल तुमच्या आड येईल.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे, त्यात २००२ आणि २००५ साली मोठे बदल झाले. आमच्या वाचकांना उपयोगी कलमे अशी.

कलम ३ मध्ये काय पेटंटयोग्य नाही याची यादी आहे. पारंपरिक ज्ञान, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती जुळवाजुळव, यांवर पेटंट मिळत नाही. गणिती पद्धत, धंद्याची पद्धत आणि नुसता संगणकाचा प्रोग्राम यांवरही नाही.

कलम २५ हरकतीचे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. मंजूर झाल्यावर एक वर्षाच्या आत ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याला हरकत घेता येते. हरकतीच्या कारणांत भारतातील सार्वजनिक वापर आहेच. शिवाय स्थानिक किंवा मूळ रहिवासी समाजाकडे असलेले तोंडी ज्ञानसुद्धा कारण म्हणून धरले आहे. म्हणजे आपल्या कायद्याने कारागिराच्या तोंडी ज्ञानाला दरवाजा उघडा ठेवला आहे. पण त्या दरवाज्यातून आत जाताना साक्षीदाराचे नाव, गाव आणि साल सांगावेच लागते.

कलम ६४ खाली पुढेही पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते, आणि मिर्झापूरच्या पेढीप्रमाणे दाव्यात उलट मागणी म्हणूनही करता येते. पेटंटची अपिले पूर्वी वेगळ्या अपील मंडळाकडे जात. ते मंडळ २०२१ मध्ये बंद झाले, आता अपील उच्च न्यायालयात जाते.

कापडाची नक्षी, बाटलीचा आकार, चिक्कीच्या खोक्याचे रूप, या गोष्टी पेटंटमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षे वाढविता येते. नोंदणीपूर्वी ते डिझाइन भारतात किंवा अन्य देशात प्रसिद्ध झाले होते असे दाखविले, तर कलम १९ खाली नोंदणी रद्द होते. तत्त्व तेच: आधीचा दाखला तारखेसह.

आमच्या बाजारात याचा उपयोग

समजा, लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याने पाक पसरविण्यासाठी लाटणे आणि चौकटीची एक सोय अनेक वर्षांपासून केली आहे. उद्या कुणी त्याच सोयीचे पेटंट घेतले तर चिक्कीवाला काय दाखवील? ज्या लोहाराने चौकट बनविली त्याचे बिल असेल, त्यावर "चौकट १ नग" एवढेच लिहिलेले असेल, तर त्यातून काही सिद्ध होणार नाही. त्याच बिलावर मापे, जाडी आणि साधे रेखाचित्र असते तर तो पुरावा झाला असता.

आमच्या कापडाच्या धंद्यात नमुना वही ठेवण्याची जुनी चाल आहे. कापडाचा तुकडा चिकटवायचा, त्याखाली नंबर, रंग, भाव आणि कुणाला किती ताके दिले ते लिहायचे. ही वही व्यापाऱ्याच्या सोयीसाठी सुरू झाली, पण डिझाइनच्या भांडणात तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. त्या नंबराचे चलन गिऱ्हाइकाकडे गेलेले असते, म्हणजे तारीख दोन ठिकाणी मिळते आणि माल बाहेर गेल्याचेही सिद्ध होते. आता दुकानांत मोबाइलवर फोटो पाठवून व्यवहार होतात आणि वही मागे पडत आहे. फोन बदलला की फोटो गेला. तेव्हा वही सोडू नये.

प्रत्येक कारागिराने आणि दुकानदाराने पुढील सवयी लावून घ्याव्यात. नवा नमुना, नवी रीत किंवा नवे हत्यार वापरात आणले की त्याचे वर्णन मापांसह लिहून खाली तारीख घालावी. बिलावर आणि चलनावर मालाचे नाव मोघम न लिहिता ओळख पटेल असे लिहावे. घरच्या माणसाखेरीज बाहेरच्या एका-दोघांना तो माल माहीत असावा, कारण नात्यातील साक्षीदारापेक्षा गिऱ्हाइकाची साक्ष वजनदार ठरते. प्रदर्शनाचे पत्रक, छापील किंमतपत्रक, वर्तमानपत्रातील जाहिरात यांची एक प्रत जपून ठेवावी. छापील कागदाला तारीख असते आणि तो परदेशातही चालतो.

मात्र ज्याला स्वतःच पेटंट किंवा डिझाइनची नोंदणी घ्यायची आहे त्याने उलट क्रम ठेवावा. आधी अर्ज करावा, मग माल बाजारात दाखवावा. आपणच आधी प्रसिद्ध केलेली वस्तू आपल्याच अर्जाविरुद्ध पूर्वज्ञान म्हणून उभी राहू शकते. काम अपुरे असेल तर पेटंटसाठी तात्पुरता मसुदा दाखल करून तारीख पक्की करता येते, पूर्ण मसुदा त्यानंतर बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो.

नोटीस आली तर

नोटीस आली की प्रथम पेटंटचा क्रमांक पाहावा. क्रमांक नसेल तर मागून घ्यावा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य शोधता येतो, मुलांपैकी कुणी सहज पाहून देईल. ते पेटंट मंजूर आहे की नुसता अर्ज आहे हे पाहावे. नुसत्या अर्जावर दावा लावता येत नाही, मंजुरी मिळेपर्यंत थांबावे लागते. दरवर्षीचे शुल्क भरले आहे की मुदत चुकून पेटंट बंद पडले आहे, तेही तेथे दिसते. पेटंट भारतातले आहे की फक्त परदेशातले, हेही तपासावे.

त्यानंतर दावे वाचावेत आणि प्रत्येक कलमासमोर आपली रीत लिहून ताडून पाहावी. एक जरी आवश्यक कलम आपल्या कामात नसेल तर तेच आपले उत्तर होऊ शकते. सर्व कलमे जुळत असतील तर अर्जाची तारीख पाहावी आणि त्याआधीची आपली बिले, वह्या, साक्षीदार शोधावेत. हे सर्व घेऊन पेटंट एजंटाकडे किंवा वकिलाकडे जावे. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला वकील जास्त काही देऊ शकत नाही. आणि धमकी निराधार असेल तर कलम १०६ खाली उलट दावा करता येतो, हेही लक्षात असू द्यावे.

ताडून पाहिल्यावर समोरच्याचा शोध खरोखर नवा आहे आणि आपण तोच वापरत आहोत असे दिसले, तर सचोटीने परवाना मागावा किंवा रीत बदलावी. खोटी तारीख घालून कागद तयार करण्याचा मोह कुणी दाखविला तर त्याला दूर ठेवावे. असा कागद उलटतपासणीत टिकत नाही आणि खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

बहुतेक दुकानांत आयकराची मुदत संपली की जुनी बिले आणि वह्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. या वर्षी तसे करण्यापूर्वी एक दुपार काढावी. ज्या पानांवर मालाचे वर्णन, नमुना किंवा घडणावळीचा तपशील आहे ती पाने बाजूला काढून सालवार गठ्ठा बांधावा आणि त्यावर साल लिहून कोरड्या जागी ठेवावा. आमच्या घाटातील पावसात कागदाला बुरशी लवकर लागते, तेव्हा गठ्ठा जमिनीवर न ठेवता पत्र्याच्या पेटीत ठेवावा.